मंडळी कोणाची?

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते. 1893च्या सुमारास याच प्रवासात नारायण वामन टिळकांना एका अनोळखी युरोपियनाने 'नवा करार' दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते.

मराठी प्रोटेस्टंट चर्चला 'मंडळी' म्हणतात, कॅथलिक 'ख्रिस्तसभा'. दोन्ही शब्दांत इमारत नाही, माणसे आहेत. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजे नगरातील नागरिकांची बोलावलेली सभा. आपल्याकडे 'घरची मंडळी' म्हटले की नात्यागोत्याचे सगळे आले. मला तर हा अनुवाद मुळापेक्षाही उबदार वाटतो. पण या मंडळीला दार आहे, बाप्तिस्म्याचे. ते ओलांडणाऱ्याची जात सुटे, घर तुटे. लक्ष्मीबाईंनी ती ताटातूट वर्षानुवर्षे सोसली, 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना ते सांगायला नको. मग मनाने ख्रिस्ताला मानणारा, पण बाप्तिस्मा न घेतलेला माणूस मंडळीतला की बाहेरचा?

टिळकांनी 1917 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. सभासदांची यादी असते ती सभेला. दरबारात कोणीही गाऱ्हाणे घेऊन यावे. शब्द उगाच निवडलेला नाही, असे मी मानतो.

9 मे 1919 रोजी टिळक गेले. दरबारही त्यांच्यामागे फार टिकला नाही.