नव्या गाडीवरील ओरखडे : घासण्यापूर्वी पारखा

दसरा, पाडवा किंवा अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त साधून नवी कोरी मोटार दारात येते. पूजा होते, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसू लागतात. दारावर कुठे केसाएवढा चरा असतो, तर छतावर हात फिरवताना बारीक कण टोचतात. लाखो रुपये मोजून घेतलेल्या गाडीची ही अवस्था पाहून मालक अस्वस्थ होतो आणि घाईघाईने ती 'रबिंग-पॉलिश'साठी नेतो. नेमके येथेच नुकसान होते. बारीक ओरखड्यापेक्षा त्यावर केलेला चुकीचा उपाय रंगाचे आयुष्य अधिक कमी करू शकतो.

केसाहूनही पातळ कवच

मोटारीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो, तर एकावर एक थर असतात. सर्वांत खाली गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर 'क्लिअर कोट' नावाचा पारदर्शक थर, अशी बहुतेक गाड्यांची रचना असते. या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातील क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. गाडीची चकाकी टिकवणे आणि खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करणे ही दोन्ही कामे तोच करतो.

पॉलिशमुळे चरा 'भरून येतो', असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात चऱ्याच्या भोवतालचा क्लिअर कोट घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. एकदा घासला गेलेला थर परत येत नाही. त्यामुळे प्रत्येक पॉलिश ही या तुटपुंज्या शिलकीतून केलेली उचल असते. दारांच्या कडा आणि पत्र्याच्या उभार रेषांवर रंग अधिकच पातळ असल्याने तेथे यंत्राने घासताना तो पार निघून जाण्याचा धोका असतो.

डाग कोणता, हे ओळखा

उपाय ठरवण्यापूर्वी गाडी स्वच्छ धुऊन सावलीत तपासावी. चरा पाण्याने ओला केल्यावर दिसेनासा झाला आणि त्यावर नख अडकले नाही, तर तो बहुधा क्लिअर कोटपुरताच आहे. नख अडकत असेल आणि आत पांढरट किंवा करडा रंग दिसत असेल, तर चरा प्रायमरपर्यंत गेला आहे, असे समजावे. चकाकता पत्रा दिसत असल्यास गंज चढण्यापूर्वी तो झाकणे आवश्यक असते. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात यात दिरंगाई नको. बंपर मात्र बहुधा प्लॅस्टिकचा असल्याने त्यावरील चऱ्याने गंजाची भीती नसते.

प्रत्येक डाग हा ओरखडा नसतो. धुतल्यानंतरही पृष्ठभाग खरखरीत लागत असेल, तर तेथे ब्रेकमधून किंवा रेल्वेमार्गावरून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रुतलेले असू शकतात. पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की क्षारांची गोल वर्तुळे उरतात. पक्ष्यांची विष्ठा उन्हात राहिल्यास क्लिअर कोटवर कायमचा ठसा उमटू शकतो.

सौम्य उपाय आधी

रुतलेल्या कणांसाठी मोटारींकरिता मिळणारी विशिष्ट माती, म्हणजेच 'क्ले बार', वापरतात. पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने निसरडा ठेवून ती हलक्या हाताने फिरवावी. जमिनीवर पडलेला तुकडा पुन्हा वापरू नये. बारीक रेषांसाठी सौम्य पॉलिश मायक्रोफायबरच्या फडक्याने आधी हातभर जागेत लावून पाहावे. तेवढ्याने भागत असेल, तर खरखरीत रबिंग कंपाउंडला हात लावू नये.

दगड उडून टवका गेला असल्यास गाडीच्याच रंगाचे टचअप वापरावे. त्यासाठी लागणारा रंगाचा सांकेतिक क्रमांक बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनकक्षातील पट्टीवर असतो. जागा कोरडी करून काडीच्या टोकाने पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर वाळू द्यावा.

केसाएवढ्या चऱ्यासाठी संपूर्ण दार रंगवून घेणे मात्र शहाणपणाचे नाही. कारखान्यात क्लिअर कोट साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. तयार गाडीतील प्लॅस्टिक व विजेची उपकरणे एवढी उष्णता सोसू शकत नसल्याने गॅरेजमध्ये सुमारे ६० अंशांवर वाळणारा रंग वापरावा लागतो. त्यामुळे मूळ रंग शक्यतो जपणेच हिताचे. विम्याचा दावा करतानाही हिशेब मांडावा. पहिल्या दावारहित वर्षानंतर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात मिळणारी २० टक्के सवलत किरकोळ दाव्यासाठीही गमवावी लागू शकते.

ताब्यात घेतानाच दक्षता

गाडी संध्याकाळच्या दिव्यांत ताब्यात न घेता दिवसाच्या उजेडात, हार-फुले चढवण्यापूर्वी तपासावी. दोष आढळल्यास सही करण्यापूर्वी तो कागदावर लेखी नोंदवून घ्यावा. पूजेनंतर बॉनेटवरील कुंकवाचे स्वस्तिक कोरडे खरवडू नये, तर त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवावे. तारेत ओवलेला हार वाऱ्याने घासून चरे पाडतो, तोही वेळीच काढावा.

खरे तर जाळीदार रेषांचे मोठे कारण घरचेच असते. ते म्हणजे धुळीवरून फिरवलेले कोरडे फडके. सोसायटीतील सर्व गाड्यांसाठी एकच बादली आणि एकच फडके वापरले जात असेल, तर आधीच्या गाडीची वाळू पुढच्या गाडीवर घासली जाते. आधी पाणी मारून धूळ वाहू द्यावी, मग स्वतंत्र, स्वच्छ फडक्याने पुसावे. सिरॅमिक कोटिंगचा आग्रह होत असेल, तर ते असलेले चरे मिटवत नाही, हे लक्षात घ्यावे.

हातभर अंतरावरून न दिसणारी रेषा तशीच राहू देणे, हाही एक उपाय आहे. क्लिअर कोट जितका शिल्लक राहील, तितका पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा उपयोगी येईल.