वर्गातलं वाचन, लेखांक 7 : एक उतारा, सहा दिवस

मागच्या लेखांकात आपण मुलांची वाचनपातळी कशी ओळखायची ते पाहिलं. पातळी कळली की पुढचा प्रश्न उभा राहतो : सोमवारी वर्गात जाऊन नेमकं करायचं काय? म्हणून आज सहावी ते आठवीच्या मराठी वाचनाच्या साप्ताहिक नियोजनाबद्दल.

आपल्या टाचणवहीत बहुधा असं असतं : पाठ तिसरा, पहिले तीन परिच्छेद, स्पष्टीकरण, स्वाध्याय. या नोंदीवरून शिक्षक कुठवर पोचले ते कळतं. मूल काय करणार आहे ते कळत नाही. मीही कित्येक वर्षं असंच टाचण काढलं. पाठ वेळेवर संपायचे, पण न पाहिलेला उतारा समोर आला की निम्मा वर्ग गप्प. उशिरा लक्षात आलं की एकदा वाचलेलं पुन्हा वाचायला मी मुलांना वेळच देत नव्हते. तेव्हापासून माझ्या आठवड्याचं सूत्र ठरलं : मजकूर थोडा, भेटी जास्त, आणि प्रत्येक भेटीचं काम वेगळं.

यामागचं कारण समजून घेऊ. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी 1986 साली वाचनाचं एक साधं समीकरण मांडलं. वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. सातवीच्या वर्गात दोन्ही तऱ्हेची मुलं असतात. काही घडाघडा वाचतात, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. काहींना ऐकलेलं सगळं समजतं, पण जोडाक्षर आलं की ती अडतात. 2022 च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या 69.6 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे दहातली तीन मुलं आठवीत येऊनही तिथेच अडलेली. आठवड्याच्या आखणीत या दोन्ही बाजूंना जागा हवी.

माझा एक आठवडा उघडून दाखवते. उतारा दीड पानाचा, गुऱ्हाळावरचा.

सोमवारी पुस्तक मिटलेलं. शीर्षक फळ्यावर लिहून विचारायचं, यात काय काय असेल? मग मी मोठ्यानं वाचते, मुलं ऐकतात. काहील, चुलवाण, मळी हे शब्द फळ्यावर येतात. मळी म्हणजे काय, असं विचारल्यावर मागच्या बाकावरचा, वाचताना नेहमी अडखळणारा एक मुलगा उठला. “बाई, रस उकळताना वर घाण येत्या ना, ती मळी. भेंडीचं पाणी घातलं की समदी वर येत्या. मग झाऱ्यानं काढायची.” त्याचे वडील गुळव्ये. त्या दिवशी त्या उताऱ्यातलं सर्वांत जास्त त्यालाच ठाऊक होतं.

मंगळवार जोडीनं प्रकट वाचनाचा. एकानं परिच्छेद वाचायचा, दुसऱ्यानं अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारायची. शेवटची दहा मिनिटं त्याच शब्दांसाठी. देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते हे खरं, तरी ‘तो जात आहे’ मधला ज आणि ‘जात’ या नामातला ज लिहायला एकच, उच्चारायला दोन. अर्थ कळल्याशिवाय असा शब्द नीट वाचता येत नाही, हे मुलांना इथे उमगतं.

बुधवारी मूकवाचन, आणि प्रश्न मुलांनी काढायचे. तीन प्रकारचे : उत्तर एका ओळीत सापडेल असा, दोन ओळी जोडल्यावर मिळेल असा, आणि उताऱ्याबाहेर शोधावं लागेल असा. आठवड्यातला सर्वांत मोलाचा दिवस मला हाच वाटतो. एका मुलीनं लिहिलं होतं : भेंडीच्या पाण्यानं मळी वर का येते? उताऱ्यात उत्तर नव्हतं. विज्ञानाच्या सरांनी समजावलं, की भेंडीतला चिकट द्रव रसातले बारीक कण धरून ठेवतो आणि उकळीबरोबर ते फेसात वर येतात.

गुरुवारी चार वाक्यांत सारांश, तोही पुस्तक मिटून. शुक्रवारी त्याच धाटणीचा, पण न पाहिलेला छोटा उतारा. आमच्याकडे त्या वेळी मिठागरांवरचा होता. आठवडाभरात शिकलेलं दुसऱ्या मजकुरावर चालतं का, हे इथेच कळतं. शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी ‘किशोर’चे अंक आणि गोष्टीची पुस्तकं सतरंजीवर मांडायची. ज्यानं त्यानं हवं ते वाचावं. त्यावर प्रश्न नाहीत, अहवाल नाही.

अडखळणाऱ्या मुलांना वेगळा, सोपा उतारा देऊन बाजूला बसवू नका. उतारा तोच ठेवा, आधार वाढवा : सोमवारी आधीच ऐकवलेलं असू द्या, वाचायला एकच परिच्छेद द्या, जोडीदार नीट निवडा.

सुट्ट्या, प्रशिक्षणं, कार्यक्रम यांत सहा दिवस सलग मिळत नाहीत, हे मला ठाऊक आहे. एखादा दिवस गेला तर मंगळवारचं आणि गुरुवारचं काम एका तासिकेत बसवा, पण प्रश्नांचा दिवस आणि मोकळ्या वाचनाचा दिवस सोडू नका. वेळेबद्दल आणखी एक. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकाचे आठवड्याला 45 तास धरले आहेत, त्यात तयारीचा वेळही आहे. नियोजन हे अध्यापनाइतकंच आपलं काम आहे. ते घाईनं उरकू नका.

शेवटची गोष्ट भिंतीवरच्या कागदाची. सोमवारी प्रत्येक मूल आपल्या नावापुढे त्या आठवड्याचं ध्येय स्वतः लिहितं, शुक्रवारी स्वतःच खूण करतं. गुळव्यांच्या मुलानं लिहिलं होतं, “पाच ओळी न अडखळता.” शुक्रवारी तो तिसऱ्या ओळीत ‘बाष्पीभवन’ला अडला. थांबला, पुन्हा वाचलं, पुढे गेला. खूण मात्र त्यानं केली नाही. पुढच्या सोमवारी त्याच्या नावापुढे लिहिलेलं होतं, “पाच ओळी. मिठावरचं अजून काही आहे का?”

ग्रंथालयाच्या कपाटात शोधून मी त्याला एक पुस्तक दिलं. अशी पुस्तकं वर्गात कुठे आणि कशी ठेवावीत, ते पुढच्या लेखांकात.