कापसाच्या ओंजळीवर भरायचा बाजार

मार्गशीर्ष निम्मा सरला की आपल्या भागातल्या घराघरात एकच बोलणं निघायचं. पैसा कवा हातात येणार, आणि माळेगावला कोण कोण जाणार? ही गोष्ट १९५० ते १९६० च्या दरम्यानची. तवा दिवाळीचं आज आहे तेवढं कौतुक नव्हतं. दिवाळी यायची, पणत्या लागायच्या, पोरं गाई-म्हशी ओवाळत फिरायची. पण शेतकऱ्याच्या हातात त्या दिवसांत दमडी नसायची. ज्वारी रानात उभी असायची. गावरानी कापसाचं बोंड नुकतं कुठं उकलायला लागलेलं. त्यामुळं दिवाळी व्हायची ती बहुतेक उधारीवर. खरी खरेदी, अंगावरचं कापड, बैलाचा साज, लेकीबाळीला बांगड्या, हे सगळं कापूस निघाल्यावर, म्हणजे डिसेंबरात.

विलायतेत याच दिवसांत नाताळाचा बाजार भरतो. आपल्याकडं नाताळ म्हणजे शाळेची आणि कचेरीची सुट्टी, एवढीच ओळख. मराठवाड्यात हा सण पोराबाळांच्या नव्या कपड्यांसह साजरा व्हायचा तो जालन्याजवळच्या बेथेलसारख्या वस्तीत. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी गेल्याच्या आधीच्या शतकात वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. मुदखेडला नाताळ नव्हता, पण खरेदीचा महिना मात्र नेमका तोच होता. याचं कारण धर्मात नाही, पिकात आहे.

जंक्शनचं गाव

मुदखेड तसं लहान गाव. पण जंक्शन. मनमाड-हैदराबाद मीटरगेज लाईन १९०० च्या आसपास पडली आणि पुढं इथूनच भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादकडे फाटा निघाला. निजामाच्या रेल्वेचं हे ठाणं १९५१ मध्ये मध्य रेल्वेत आलं आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत. गाव लहान आणि स्टेशन मोठं, असा प्रकार. स्टेशनावर जे उतरायचं ते बाजारात दिसायचं. धर्माबादकडून लाल मिरची, निजामाबादकडून तांदूळ, किनवटच्या जंगलातून सागवान. नारायणपेठी लुगडी हैदराबादच्या बाजूनं यायची. जाडाभरडा कपडा नांदेडच्या उस्मानशाही मिलचा. मिलच्या धोतराला गिऱ्हाईक लई असायचं, कारण ते धुऊन धुऊन विरायचं पण लवकर फाटायचं नाही.

बाजारचा दिवस म्हणजे पहाटेपासून बैलगाड्यांची रांग. गाडीत कापसाचं बोचकं किंवा ज्वारीचं पोतं, त्यावर घरातलं एखादं पोरगं बसलेलं. आडत्याच्या दारात माल उतरायचा. मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, तो शेतकऱ्याला शेवटी कळायचा. हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजाराचा कायदा १९३० सालीच झाला होता, हे आज कित्येकांना सांगून खरं वाटत नाही. पण कायद्याचं राज्य मोठ्या मोंढ्यापुरतं. खेड्यातल्या आडतीत कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय हे सगळं कापून उरेल ते आपलं.

त्या उरलेल्यातही पहिला हक्क सरकारचा. सारा भरायची किस्त याच दिवसांत निघायची. माली पाटील आणि पटवारी चावडीत बसून असायचे. दुसरा हक्क सावकाराचा. पेरणीला दिलेलं बी, श्रावणात नेलेली ज्वारी, लेकीच्या लग्नाचं जुनं येणं, सगळं खातेवहीत. त्याच्यापुढं जे राहील त्यात सण, यात्रा आणि अंगाला कापड. म्हणून जुन्या काळचा बाजार आठवताना नुसत्या रेवड्या आणि फुगे आठवू नयेत. कित्येक बाप दुकानाच्या पायरीपर्यंत पोरांना आणून, कापडाला नुसता हात लावून परत गेले आहेत.

हाली आणि कलदार

त्यात पैशाचा घोळ. आजच्या तरुणांना हे गंमत म्हणून सांगावं लागतं, पण तेव्हा ती गंमत नव्हती. संस्थानचा पैसा हाली सिक्का आणि हिंदुस्थानचा पैसा कलदार. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार. म्हणजे शंभर कलदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हा हिशेब तोंडी करायचा कुणी? १९५१ नंतर कलदार हाच मुख्य पैसा झाला, पण हाली नोटा आणि नाणी १९५९ पर्यंत व्यवहारात राहिल्या. माल विकताना भाव हालीत बोलायचा आणि कापड घेताना दुकानदारानं कलदारात सांगायचं, असं झालं की पस्तीस रुपयांवर सरळ पाच रुपयांचा फरक. पस्तीस हाली म्हणजे तीसच कलदार ना. अडाणी माणसाला घरी गेल्यावर कळायचं, किंवा कळायचंच नाही.

हे निस्तरतं न निस्तरतं तोच १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. एका आण्याला सव्वासहा नवे पैसे, मग पाव पैसा द्यायचा कसा? दुकानदार सहा द्यायचा आणि घेताना सात घ्यायचा. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला. पायली, अडिशेरी, मापटं, चिपटं मात्र घरात पुढं लई वर्षं टिकली. राज्यही बदलत होतं. १९५६ मध्ये नांदेड जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मुधोळ-भैंसा आपल्यातून सुटून आंध्रात गेले. ज्या भैंशाच्या बाजाराला लोक सहज जायचे तो परमुलुख झाला. १९६० ला महाराष्ट्र. एका माणसानं जागचं न हलता दहा-बारा वर्षांत तीन सरकारं आणि तीन तऱ्हेचा पैसा पाहिला.

बायकांचा पैसा

एवढ्या सगळ्या घोळात एक पैसा असा होता की ज्याचा हिशेब सावकाराच्या वहीत नव्हता. तो वेचणीच्या वाट्याचा.

कापूस वेचायला बाया जायच्या. पहिल्या वेचणीला रानात दहीभात ठेवून सीतादही करायची आणि मग ओटी बांधायची. मजुरी रोख नसायची. दिवसभर वेचलेल्या कापसाचे ढीग करायचे आणि त्यातला ठरलेला वाटा वेचणारीचा. हा वाटा ती पदरात बांधून घरी न्यायची. घरच्या बापयाचा त्यावर सहसा डोळा नसायचा, कारण तो 'बाईचा कापूस'. दुपारच्या वेळी फेरीवाला गल्लीत आला की हाच कापूस बाहेर यायचा. मूठभर कापसाला कुंकू, ओंजळभराला काळी पोत, जरा जास्त असला तर फणी किंवा आरसा. पोरं तर बोंडं खिशात भरून आणायची आणि त्यावर चिरमुरे, फुटाणे, रेवडी घ्यायची. फेरीवाला ताजव्यात कापूस टाकून समोर फुटाणे टाकायचा. कापसाला भारी वाटायचं आणि फुटाण्याला हलकं, असा तो ताजवा. सगळ्यांना ठाऊक असायचं, पण तक्रार कोण करणार?

कासाराच्या दारात बांगड्या भरायला बसलेल्या बाया हे त्या बाजारातलं सगळ्यात मोकळं चित्र. सासूसमोर न बोलता येणाऱ्या गोष्टी तिथं बोलल्या जायच्या. माहेरचा निरोप, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या घरात काय चाललंय. पाच गावच्या बाया एका ओट्यावर. टपालाचं अर्धं काम तो ओटाच करायचा म्हणा ना. नवरा आडतीत आणि बाई कासाराकडं, असा बाजाराचा दिवस जायचा. आपल्या भागात शेताचा इतिहास लिहिताना सारा, लेव्ही, कुळकायदा सगळं लिहिलं जातं. बाईच्या पदरातल्या या कापसाची नोंद कोण्या पटवाऱ्यानं केली नाही. खरं तर घरातल्या लेकराच्या अंगावर सणाला काही नवं आलं असेल, तर बऱ्याच घरांत ते यातूनच आलं.

बाजारात सगळे होते, पण सारखे नव्हते

जुना बाजार म्हणजे सगळे एकोप्यानं राहायचे, असं लिहायची पद्धत आहे. ते अर्धंच खरं. महार-मांगाच्या गिऱ्हाईकाला कित्येक दुकानांच्या पायरीखाली उभं राहावं लागायचं. कापड वरून टाकायचे, पैसे खाली ठेवायला लावायचे. बलुत्यात वर्षभर राबून सुगीला मिळालेलं धान्य हाच त्यांचा पगार. त्यातलं थोडं विकून ते बाजार करायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर गावोगाव मेलेली ढोरं ओढणं लोकांनी बंद केलं. बलुतं सुटलं, त्याचबरोबर सुगीचं धान्यही तुटलं. मान राखायचा तर मोंढ्यावर हमाली, रेल्वेत गँगची मजुरी असं रोख काम शोधावं लागलं. रेल्वेचं गाव असल्याचा उपयोग इथं झाला. रोख पैसा घेऊन आलेल्या माणसाला पायरीखाली उभं करणं दुकानदाराला हळूहळू परवडेनासं झालं. हळूहळूच, लगेच नाही.

दुसरी जखम १९४८ ची. रझाकारीच्या काळात गावंच्या गावं उठली, लोक पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात गेले. जानेवारी १९४८ मध्ये शेजारच्या उमरीची बँक स्टेट काँग्रेसच्या लोकांनी लुटली आणि तो पैसा लढ्याला गेला, ही गोष्ट या भागात अजून अभिमानानं सांगतात. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं आणि संस्थान गेलं. पण त्यानंतर जे झालं ते कमी सांगतात. सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ज्या चार जिल्ह्यांत मुसलमानांवर सर्वांत जास्त आपत्ती आल्याचं नोंदवलं, त्यात नांदेड होता. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा हे बाकीचे तीन. ज्यांचा रझाकारीशी संबंध नव्हता असे विणकर, अत्तार, मनियार, टांगेवाले त्यात भरडले. अशा जिल्ह्यात पुढच्या चार-पाच वर्षांत बाजार पुन्हा भरायला लागला, मनियाराकडं पुन्हा बाया बांगड्या भरायला बसल्या, ही साधी गोष्ट नव्हती.

माळेगावची वाट

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावच्या खंडोबाची यात्रा सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी येळवस. मुदखेडचा माणूस माळेगावला जायचा म्हणजे गोदावरी ओलांडून, नांदेड-लोहा करत. गाडीबैलानं वाटेत मुक्काम. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, बैलांना कडबा, अंगावर घोंगडी. थंडी मोठी. यात्रेत घोडे, गाढवं, उंट. लाल कंधारी आणि देवणी बैल. बैल घ्यायचा तर माळेगावलाच, असं ठरलेलं. दात बघायचे, चालवून बघायचा, दोन दिवस नुसता भाव करायचा आणि तिसऱ्या दिवशी बेलभंडार उचलून सौदा. घिसाडी, वैदू, गोसावी अशा भटक्या जमातींच्या पंचायती तिथंच बसायच्या. वाघ्या-मुरळी, तमाशाचे फड, भांडीवाले, घोंगडीवाले. पुढं १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि यात्रेचं नियोजन, पशुप्रदर्शन, कृषी प्रदर्शन परिषदेकडं आलं.

येळवशीचा बाजार मात्र घरच्यासाठी. लातूर-उदगीरच्या पट्ट्यात तर त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे रानात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव. बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर, आणि तुरीचे सोले, वाल, हरभरा, वांगी, चिंच घालून केलेली भज्जी. विकत आणायचं ते गूळ, तेल, नारळ आणि नवं मडकं. बाकी सगळं रानातलं. ज्याला रान नाही त्यालाही कुणाच्या तरी कोपीत जेवायला बोलावणं असायचं. आजही असतं.

हा सगळा खेळ पिकानं मोडला. १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी आली, माल सरकारी केंद्रावर गेला आणि पैसा हप्त्यानं येऊ लागला. गावरानी वाण मागं पडलं, संकरित आलं, २००२ नंतर बीटी. मग सोयाबीन. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं, पैसा दिवाळीआधी हातात येतो, आणि खरेदी मार्गशीर्षातून उठून अश्विनात गेली. भाव पडला की त्या वर्षीची दिवाळी पुन्हा उधारीची होते, हे मात्र बदललं नाही. वेचणीला आता वाटा नाही, किलोवर रोख मजुरी आहे. उस्मानशाहीचा भोंगा थांबला. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली. मुदखेड आता तालुक्याचं गाव आहे.

कासाराचा ओटा आणि कापसाचा ताजवा आठवणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं गेली आहेत. मुदखेडच्या शिवारात आता मोगरा, काकडा, गुलाब फुलतो. पहाटे अंधारातच बाया कळ्या खुडायला रानात असतात. खुडणीचे पैसे किलोवर ठरतात. आणि घरी जाताना ओटीत राहिलेल्या चार कळ्या कोणी मागत नाही.