लिंबाचा अनुस्वार

दुपारी तीनच्या सुमाराला पुण्याच्या मंडईत थोडी उसंत असते. सकाळचं गिऱ्हाईक पांगलेलं असतं, संध्याकाळचं अजून यायचं असतं. अशा वेळी एका भाजीवाल्या मावशींच्या गाळ्यावर गोणपाट अंथरून मी आणि माझी चौथीतली भाची ‘मंडई’ लिहायला बसलो. पेन नव्हतं, भाजी होती. शिरोरेषेला लांबलचक पडवळ, म ला गवारीच्या शेंगा, ड आणि ई ला बाकदार हिरव्या मिरच्या. अनुस्वाराला एक पिवळंधमक लिंबू.

‘‘पडवळ मोडू नको गं बाळा, विकायचंय मला,’’ मावशी म्हणाल्या.

हा उद्योग सुचला तो गुगलच्या डूडलवरून. तुम्ही पाहिलं असेलच. एरवी गुगलची इंग्रजी अक्षरं साधी असतात: निळं, लाल, पिवळं, पुन्हा निळं, हिरवं आणि शेवटी लाल. पण होळी आली, प्रजासत्ताक दिन आला, नाहीतर एखाद्या थोर माणसाचा वाढदिवस आला, की त्या अक्षरांच्या जागी चित्र दिसतं. अक्षरं कधी फुलांची होतात, कधी माणसांच्या मागे दडतात. तरी ते ‘गुगल’ आहे हे आपल्याला चटकन कळतं. कसं काय बुवा कळतं?

आम्ही करून पाहिलं. भाचीने आधी पडवळ उचललं. शिरोरेषा गेली, तरी ‘मंडई’ वाचता आलं! मग पडवळ परत ठेवून तिने फक्त लिंबू काढून घेतलं. झालं, ‘मडई’! लिंबू घरंगळून ड च्या डोक्यावर गेलं तर ‘मडंई’. ई च्या डोक्यावरची मिरची काढली तर दीर्घ ई ची ऱ्हस्व इ झाली. म्हणजे बघा, सगळ्यात लांब पडवळ गेलं तरी शब्द शाबूत आणि एवढंसं लिंबू हललं तर शब्दच बिघडला. डूडल काढणाऱ्या चित्रकाराला नेमकं हेच ओळखावं लागतं: कुठला भाग खुशाल बदलायचा आणि कशाला हात लावायचा नाही. शिवाय रंग आणि जागा आपल्या मेंदूला पाठ झालेल्या असतात. मेंदू प्रत्येक रेघ तपासत बसत नाही, ओळखीच्या चार खुणा सापडल्या की उरलेला शब्द स्वतःच भरून काढतो.

पहिलं डूडल तर गंमतच होती. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे गुगलचे जनक १९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात ‘बर्निंग मॅन’ नावाच्या उत्सवाला निघाले होते. तिथे माणसाच्या आकाराचा भलामोठा पुतळा जाळतात. निघताना त्यांनी आपल्या नावातल्या दुसऱ्या ‘ओ’मागे काड्यांचा एक माणूस उभा केला. अर्थ काय? आम्ही बाहेर गेलोय! आपल्याकडे दुकानाच्या फळीवर ‘गावाला गेल्यामुळे दुकान बंद राहील’ अशी पाटी लावतात ना, तशीच ही पाटी. गुगल कंपनीची नोंदणी झाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे कंपनी कागदावर यायच्या आधी तिचं डूडल आलं!

पुढे डूडलं हलूही लागली. ४ जानेवारी २०१० ला न्यूटनच्या वाढदिवशी फांदीवरचं सफरचंद टपकन खाली पडलं. त्याच वर्षी मे महिन्यात पॅकमॅन हा खेळ तीस वर्षांचा झाला, तेव्हा तर डूडलच चक्क खेळता येत होतं.

आणि होळीचं डूडल आपल्याला दिसतं, पण लांबच्या दुसऱ्या देशात त्याच दिवशी दिसत नाही, ते का? इंटरनेटवर तुमच्या घराच्या जोडणीला एक आकड्यांचा पत्ता असतो, आयपी ॲड्रेस. त्यावरून तुम्ही कुठल्या देशातून बघताय याचा अंदाज बांधता येतो. मग ज्या देशाचा सण, त्या देशाला चित्र.

मंडईला मात्र आयपी ॲड्रेस लागत नाही. भोगीच्या आदल्या दिवशी या गाळ्यावर हरभऱ्याचे घाटे, पावटा, गाजरं, बोरं, उसाचे करवे. आषाढीला रताळी. गणपतीत दूर्वा आणि केवडा, दसऱ्याला झेंडूच्या राशी. गाळा तोच, मावशी त्याच, पण आज कुठला दिवस आहे हे कॅलेंडर न बघता कळतं.

या मंडईचं नावसुद्धा बदललेलं आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेले बाहू, अशी ही दगडी इमारत १८८० च्या दशकात इंग्रजांच्या अमलात उभी राहिली. तेव्हा तिचं नाव होतं ‘रे मार्केट’, लॉर्ड रे या गव्हर्नरवरून. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असं नगरपालिकेत ठणकावून सांगितलं होतं जोतीराव फुले यांनी. आज त्याच इमारतीचं नाव महात्मा फुले मंडई आहे! मला हे दर वेळी आठवतं आणि दर वेळी आवडतं.

इथून पाच-सात मिनिटं चालत गेलं की भिडेवाड्याची जागा येते. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. ३ जानेवारी २०१७ ला, सावित्रीबाईंच्या जन्मदिवशी, गुगलवर त्यांचं डूडल होतं. पदर पसरून कितीतरी बायकांना त्यात सामावून घेणाऱ्या सावित्रीबाई! ज्यांना शाळेत जाताना लोकांनी शेणमाती मारली, त्यांचं चित्र त्या दिवशी देशभर झळकलं.

८ नोव्हेंबर तर आपल्यासाठी डबल धमाल. २०२० मध्ये या दिवशी पु. ल. देशपांडे यांचं डूडल आलं आणि पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला, कमल रणदिवे यांचं. कमलताई १९१७ साली पुण्यातच जन्मल्या आणि पेशींचा, कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या शास्त्रज्ञ झाल्या.

मुलांसाठीही गुगलची एक डूडल स्पर्धा असते. २०१३, २०१४ आणि २०१६ या तिन्ही वर्षी भारतातून पहिली आलेली चित्रं पुण्याच्या शाळकरी मुलींची होती. ती १४ नोव्हेंबरला, बालदिनी, गुगलवर झळकली.

हे ऐकल्यावर भाची परत गोणपाटाकडे वळली. म ची उभी गवार तिने काढून टाकली आणि वहीच्या पानावर मंडईचा मनोरा रंगवून, कापून तिथे ठेवला. टोक शिरोरेषेच्या पार वर गेलं.

‘‘अगं, म बिघडेल,’’ मी म्हटलं.

तिने लिंबू दोन बोटं सरकवून मनोऱ्याच्या टोकापाशी आणलं आणि मागे सरकून बसली.

‘‘मामा, वाच बघू.’’

मी काही बोलायच्या आत तराजूपलीकडून मावशींनीच वाचलं, ‘‘मंडई!’’