फुटबॉलच्या हंगामअखेरीचें गणित

पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण सीमेवर मुळा नदी ओलांडली कीं बालेवाडीचें श्रीशिवछत्रपति क्रीडासंकुल लागतें. सन १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांकरितां तें उभारण्यांत आलें. तेथील मैदानावर सन २०१४ पासून २०१९ पर्यंत एफसी पुणे सिटी हा धंदेवाईक फुटबॉल संघ इंडियन सुपर लीगमधील आपले स्वगृहींचे सामने खेळत असे. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून पहिली पाळी उरकून आलेला बाप आणि शाळेंतून सुटलेला मुलगा यांनीं शेजारीं बसून सामना पाहावा, हें त्या दिवसांत नवलाचें नव्हतें. हंगाम संपत आला म्हणजे या दोघांच्या बोलण्यांत एकच विषय असे: आपला संघ पहिल्या चारांत येतो कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर भावनेनें देणें सोपें आहे. गणितानें देणें त्याहून अधिक मनोरंजक आहे, आणि तेंच येथें थोडक्यांत दाखवावयाचें आहे.

अशा लीगचे दोन भाग असतात. पहिल्या भागांत प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशीं दोनदां खेळतो, एकदां स्वगृहीं व एकदां परगृहीं. विजयास ३ गुण, बरोबरीस १, पराभवास शून्य. (पूर्वीं विजयास दोनच गुण असत. बरोबरीवर समाधान मानून बसणाऱ्या संघांना जाग यावी म्हणून इंग्लंडच्या लीगनें सन १९८१ मध्यें ते तीन केले, आणि विश्वचषक स्पर्धेंत ही पद्धत सन १९९४ मध्यें आली.) सन २०१७-१८ च्या हंगामांत दहा संघ होते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास १८ सामने आले. ते संपल्यावर गुणतक्त्यांतील पहिले चार संघ दुसऱ्या भागांत, म्हणजे ज्यास प्लेऑफ म्हणतात त्या बाद फेरींत जात, व उरलेल्या सहांचा हंगाम तेथेंच संपे.

आतां गणिताचा पहिला नियम. कोणत्याही संघाचें शिखर किती, हें पाहावें. हातांतील गुण, अधिक उरलेल्या सामन्यांची तिप्पट, म्हणजे शिखर. ज्याचें शिखर चौथ्या क्रमांकाच्या संघाच्या आजच्या गुणांहूनही ठेंगणें, तो शर्यतींतून गेला. बाकीच्यांविषयीं आशा सोडण्याचें कारण नाहीं. सन २०१८ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस एफसी गोवा या संघाचे १५ सामन्यांत २१ गुण झाले होते व तीन सामने उरले होते. त्याचें शिखर २१ अधिक ९, म्हणजे ३० होतें. शिखर हें सहसा कागदावरच राहतें. परंतु गोव्यानें बालेवाडीस येऊन पुण्याचा ४-० असा पराभव केला, नंतर कोलकात्याच्या एटीके संघाचा ५-१ असा, आणि शेवटीं जमशेदपुरांत जाऊन यजमानांचा ३-० असा. तीन सामन्यांत बारा गोल! शिखर पुरतें गांठलें गेलें.

त्यांतील शेवटचा सामना, ४ मार्च २०१८ चा, या विषयाचा आदर्श नमुना म्हणतां येईल. त्या दिवशीं गोव्याचे २७ गुण होते व जमशेदपूरचे २६, आणि चारांतील एकच जागा रिकामी होती. गोव्यास बरोबरी पुरत होती, कारण तेव्हां २८ व २७ असे गुण झाले असते. जमशेदपूरला विजयावांचून गत्यंतर नव्हतें. एका गुणाच्या फरकानें एका संघास संयमानें खेळण्याची मोकळीक मिळते व दुसऱ्यास पुढें धांवून आपली पाठ उघडी टाकावी लागते. हंगामअखेरचे निकाल एरवींपेक्षां मोठ्या फरकाचे कां लागतात, याचें एक कारण येथें सांपडतें.

दुसरा नियम जरा सूक्ष्म आहे, आणि वर्तमानपत्रांत भाकितें लिहिणारेही तो कधीं कधीं विसरतात. समजा, दोन जागा उरल्या आहेत व त्यांकरितां तीन संघ झगडत आहेत. 'क' चे २९ गुण आहेत, 'ख' आणि 'ग' यांचे प्रत्येकीं २७, व एकेक सामना बाकी आहे. 'ख' चें शिखर ३०, 'ग' चेंही ३०. म्हणून 'क' हरल्यास तो बाहेर जाईल असें वरवर दिसतें. परंतु शेवटचा सामना 'ख' आणि 'ग' यांच्यांतच असेल तर? दोघेही जिंकूं शकत नाहींत. एक जिंकला तर दुसरा २७ वर राहतो. बरोबरी झाली तर दोघेही २८ वर येतात. 'क' हरला तरी त्याची जागा पक्की आहे. प्रत्येक संघाची बेरीज वेगळी करून भागत नाहीं. कोण कोणाशीं खेळणार आहे, तो कागद समोर ठेवावा लागतो.

गुण सारखे झाले तर काय? पुणें व गोवा यांचें त्याच वर्षीं असें झालें. दोघांचेही शेवटीं ३० गुण. परस्परांविरुद्ध दोघांनीं एकेक सामना जिंकला होता. परंतु गोव्याचा बालेवाडीचा विजय चार गोलांचा असल्यामुळें गोवा तिसरा व पुणें चौथा ठरला. हा भेद वाटतो तेवढा लहान नव्हता. तिसऱ्याची गांठ दुसऱ्याशीं, म्हणजे ३२ गुणांच्या चेन्नईयिनशीं पडावयाची होती, व चौथ्याची पहिल्याशीं, म्हणजे ४० गुणांच्या बंगळूरुशीं. पुण्यानें ७ मार्चला बालेवाडींत बंगळूरुस ०-० असें रोखून धरलें. ११ तारखेस बंगळुरांत मात्र सुनील छेत्रीनें एकट्यानें तीन गोल केले व पुणें १-३ असें हरलें. पांच हंगामांच्या आयुष्यांत हा संघ बाद फेरीपर्यंत पोहोंचला तो या एकाच वेळीं.

सर्वच कसोट्या बरोबरींत सुटल्या तर शेवटीं चिठ्ठ्या टाकतात. सन १९९० च्या विश्वचषकांत आयर्लंड व नेदरलंड्स यांच्यांतील दुसरा-तिसरा क्रमांक असाच ठरला. यहूदाच्या जागीं मत्थियाची निवड प्रेषितांनीं चिठ्ठ्या टाकूनच केली, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्या प्रसंगीं आधीं प्रार्थना झाली होती, एवढाच काय तो फरक.

येथवर निश्चित गणित झालें. भाकीत हा प्रांत निराळा. उद्यांच्या सामन्यांत कोण जिंकेल, हें सांगतांना तीन-चार गोष्टी पाहतात: संघ सरासरी किती गोल करतो व किती खातो, सामना कोणाच्या मैदानावर आहे, कोणते खेळाडू जायबंदी वा निलंबित आहेत, आणि सामन्याची गरज कोणास अधिक आहे. गोल ही दुर्मिळ वस्तु आहे. अशा दुर्मिळ घटना किती वेळां घडतील, याचें एक सूत्र प्वासों या फ्रेंच गणितज्ञानें सन १८३७ च्या आपल्या ग्रंथांत दिलें. एखादा संघ सरासरी दीड गोल करीत असेल तर त्या सूत्राप्रमाणें शंभर सामन्यांपैकीं सुमारे २२ सामन्यांत त्यास एकही गोल होणार नाहीं, ३३ मध्यें एक होईल, २५ मध्यें दोन, आणि उरलेल्यांत तीन किंवा अधिक. चांगला संघही दर पांच सामन्यांत एकदां रिकाम्या हातानें परत येतो. त्यांत कोणाचा दोष असतोच असें नाहीं.

येथें भाकीत करणाऱ्याची मोठी फसगत होते. समजा, आपल्या संघाचे तीन सामने उरले आहेत व प्रत्येकांत जिंकण्याचा संभव शंभरांत साठ आहे. तिन्ही जिंकण्याचा संभव किती? साठ नव्हे. सहा-दशांशाचा घन करावा: ०.२१६, म्हणजे शंभरांत जेमतेम बावीस. प्रत्येक पायरीवर आपलें पारडें जड असूनही जिना पुरा चढण्याचा संभव चौथाईहून कमी! गोव्यानें सन २०१८ मध्यें काय केलें, याची किंमत या आंकड्यावरून कळते.

पालकांसाठीं एक गोष्ट सांगणें भाग आहे. भाकितांचा हा खेळ मोबाइलवर पैसे लावून खेळणारीं मुलें अलीकडे दिसूं लागलीं, आणि आईबापांच्या पगाराचे पैसे त्यांत गेले. महाराष्ट्रांत जुगारास सन १८८७ पासूनच कायद्यानें प्रतिबंध आहे, आणि सन २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला. परंतु कायद्याहून गणित मुलांस लवकर पटतें. विजय, बरोबरी, पराभव हे तिन्ही निकाल सारखेच संभाव्य असले तर एका रुपयास तीन रुपये परत मिळणें न्यायाचें आहे. पैज घेणारा देतो दोन रुपये सत्तर पैसे. तीन मुलांनीं तीन निकालांवर एकेक रुपया लावला. त्यानें तीन रुपये गोळा केले व एकास २.७० दिले. निकाल कोणताही लागो, तीस पैसे त्याच्या खिशांत. त्यास फुटबॉल कळण्याची गरजच नसते.

शिवाय बाद फेरी ही गुणतक्त्याचा मान राखीलच असें नाहीं. सन २०१८ मध्यें बंगळूरुनें ४० गुण मिळविले व अंतिम सामना स्वगृहीं खेळला. तरी १७ मार्चला आठ गुणांनीं मागें असलेल्या चेन्नईयिननें तो ३-२ असा जिंकला. याच्या उलट सन २०२०-२१ चा हंगाम. साथीमुळें सर्व सामने गोव्यांत झाले, स्वगृह कोणासच नव्हतें. साखळीच्या शेवटच्या सामन्यापूर्वीं एटीके मोहन बागानचे ४० गुण होते व मुंबई सिटीचे ३७. मोहन बागानला बरोबरी पुरत होती. मुंबईनें २-० असा विजय मिळवून गुण बरोबर केले आणि परस्परांतील दोन्ही सामने जिंकल्यामुळें पहिला क्रमांक घेतला. त्याच दोन संघांत १३ मार्च २०२१ रोजीं अंतिम सामना झाला. १-१ अशी बरोबरी असतां बिपिनसिंगनें अगदीं अखेरच्या क्षणीं गोल केला व मुंबईच विजयी झाली. सन २०२२-२३ पासून चारांऐवजीं सहा संघ बाद फेरींत घेण्याची पद्धत आली, तेव्हां सहाव्या जागेची शर्यतही अशीच शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबली.

ज्यांस भाकीत करण्याची हौस आहे त्यांनीं वही घ्यावी. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञानें सन १९५० मध्यें पावसाच्या भाकितांकरितां जो नियम सुचविला, तो फुटबॉलासही चालतो. 'अमुक संघ जिंकेल' असें न लिहितां 'जिंकण्याचा संभव ०.६' असें लिहावें. संघ जिंकला तर चूक ०.४, तिचा वर्ग ०.१६, न जिंकला तर चूक ०.६, वर्ग ०.३६. शेजारच्या बांकावरील मित्रानें छाती ठोकून ०.९ लिहिलें असेल, तर संघ जिंकल्यावर त्याचा दंड अवघा ०.०१, परंतु न जिंकल्यास ०.८१. दहा सामन्यांअंतीं बेरीज करावी. जिची लहान, ती वही पहिली.