क्लॅट पुन्हा द्यायची का?

'एक वर्ष वाया गेलं तर?' क्लॅटमध्ये कमी गुण मिळाले, की आई-वडील हेच विचारतात. मी म्हणेन, आधी प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका शेजारी ठेवा. दोन तासांत 120 प्रश्न, चुकीला पाव गुण वजा. म्हणजे वीस चुकांनी पाच गुण कापले जातात! उतारे वाचून संपले नाहीत, की घाईत उत्तरं ठोकली? हे दोन्ही वर्षभरात सुधारतं. पण जीव ओतून अभ्यास झाला असेल आणि मुलीचं मन आता उडालं असेल, तर तिला पुन्हा बसवू नका. राज्याच्या विधी सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत. तिथूनही पाच वर्षांत वकील होता येतं. क्लॅट 2022 पासून डिसेंबरात होते. तेव्हा बारावी, सीईटी आटपू द्या, जूनमध्ये ठरवा.