दुधाचे दात पडणारच, मग जपायचे कशाला?

“दुधाचे दात आहेत, पडणारच!” असे म्हणून लहान मुलांच्या किडक्या दातांकडे आपल्या घरांत सर्रास दुर्लक्ष होते. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या वयात पडतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या किडल्या तर मूल नीट चावत नाही, जेवायला नको म्हणते, रात्री ठणक्याने रडते. शाळा आणि मदरसा, दोन्ही बुडतात. दाढ लवकर काढावी लागली तर बाजूचे दात सरकतात आणि मागून येणारे पक्के दात वेडेवाकडे येतात.

कीड म्हणतात, पण दातात किडा नसतो. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. दिवसा लाळ दातांचे थोडेफार रक्षण करते. झोपेत लाळ कमी होते. म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे सर्वांत घातक. चोखणीला मध किंवा साखर लावणेही तसेच. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध देऊच नये.

सुरुवात वरच्या पुढच्या दातांवर होते. हिरडीजवळ खडूसारखे पांढरे डाग दिसतात. आठवड्यातून एकदा बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. या टप्प्यावर कीड थांबवता येते. डाग तपकिरी झाला, खड्डा पडला की उशीर झाला.

घरी काय करावे?

• पहिला दात दिसताच, साधारण सहाव्या महिन्यापासून, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासा.
• फ्लोराइडची पेस्ट वापरा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.
• सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी स्वतः घासून द्यावे.
• बिस्किटे, चॉकलेट, शरबत दिवसभर थोडे थोडे देऊ नका. द्यायचेच तर जेवणासोबत द्या.
• मुलांच्या दातांना मशेरी कधीही लावू नका.

मिसवाक सुन्नत आहे. अब्बा-दादांना बघून मुले आवडीने करतात, जरूर करू द्या. मात्र लहान हाताने मागच्या दाढांपर्यंत मिसवाक नीट पोहोचत नाही, म्हणून ब्रश-पेस्टही हवीच.

कापडे आणि आसपासच्या वाड्यांतून दातांच्या डॉक्टरकडे जायचे तर पोलादपूर किंवा महाड गाठावे लागते. त्यात दिवस जातो, म्हणून “दुखेल तेव्हा बघू” होते. पण 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मोफत तपासणी करायची असते. त्यात दातांची कीडही बघतात. पथक कधी येणार हे अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि आज रात्रीपासून बाटली बंद करून बघा. एकदम जमत नसेल तर आधी साखर कमी करत न्या, मग फक्त पाणी द्या. बाळ दोन-चार रात्री रडेल, पण दाताच्या ठणक्यापेक्षा ते रडणे बरे.